संगणक शुचिता पंधरवडा

चोरीचं सॉफ्टवेअर हा समाजाला जडलेला रोग असून तो पंधरा दिवसांत बरा करावा, असा आदेश वरून आला तेव्हा गेवराईत लग्नसराई ऐन भरात होती. आदेशासोबत 'नमुना क' जोडलेला होता. रोग बरा झाल्याचं त्यात भरून पाठवायचं होतं. बरा झाला नाही तर काय करायचं, यासाठी मात्र नमुना नव्हता. त्यामुळे तो बरा होणारच होता.

लगोलग 'तालुका संगणक शुचिता समिती' स्थापन झाली. अध्यक्ष सुंदरराव, निवृत्तीला चार महिने राहिलेले अधिकारी. सदस्य-सचिव मी, धर्मराज. म्हणजे सह्या त्यांच्या आणि शिव्या माझ्या. तज्ज्ञ सदस्य म्हणून आम्ही तानाजीला घेतलं. त्याचं स्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तालुक्यातल्या दहापैकी नऊ कॉम्प्युटरांत चोरीचं सॉफ्टवेअर त्यानेच टाकलेलं असल्यामुळे या विषयातला इतका दांडगा अनुभव दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. समितीचा लॅपटॉपही त्यानेच भरून दिला होता. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' असं सारखं उमटायचं, म्हणून तिथं मी गणपतीचं स्टिकर चिकटवलं. तेव्हापासून काही त्रास नाही.

पहिल्याच बैठकीत सुंदररावांनी मुद्द्याला हात घातला. "खरं कोणतं न् चोरीचं कोणतं, ओळखायचं कसं?"

"न्हाई ओळखू येत साहेब," तानाजी म्हणाला. "दिसतंय सारखंच. चालतंय बी सारखंच. उलट आपलं जरा पळतंय जास्ती."

"मग तपासायचं काय, माझं डोस्कं?"

यावर भजी झाली, चहा झाला, परत चहा झाला. शेवटी मीच सुचवलं की ज्याच्या भिंतीवर गोल शिक्क्याचं प्रमाणपत्र असेल, त्याचं सॉफ्टवेअर खरं धरावं. हे मला सुचलं याचा मला आजही अभिमान आहे. प्रमाणपत्रं देण्याचं काम ओघानेच तज्ज्ञ सदस्याकडे गेलं. तानाजीने त्यात एकच अट घातली. जे सॉफ्टवेअर त्याने स्वतःच्या हाताने टाकलंय, त्याचीच खात्री तो देणार. बरोबरच आहे. दुसऱ्याच्या मालाची हमी कोण घेईल?

तपासणी दृष्ट लागावी अशी चालली. फोटो स्टुडिओ, पत्रिका छापणारे, नकाशे काढणारे, टायपिंगवाले, सगळीकडे भिंतीवर शिक्का. काहींनी तर हार घातला होता. अकराव्या दिवशी आम्ही गहिनीनाथच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरलो. भिंत कोरी होती.

गहिनीनाथ आमच्या तालुक्यातला नावाजलेला फ्लेक्सवाला. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर तो शंभर शुभेच्छुकांची तोंडं बसवतो आणि एकाचंही तोंड दुसऱ्यापेक्षा मोठं होऊ देत नाही. त्यामुळे गावात शांतता आहे.

"प्रमाणपत्र कुठंय बे?" तानाजीने विचारलं.

"मला कशाला पायजे? मी ओरिजिनल घेतलंय," गहिनीनाथ म्हणाला. "कंपनीकडून. दर वर्षाला पैसे भरायचे हायत."

असं प्रकरण समितीपुढे तोवर आलंच नव्हतं.

मग त्याने सांगितलं ते असं. त्याची मुलगी सायली अंबाजोगाईला शिकते. खंडेनवमीला ती घरी आली होती. गहिनीनाथने रीतीप्रमाणे हत्यारांची पूजा मांडली, कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडायला हात उचलला, आणि पोरगी म्हणाली, "पप्पा, आतलं सगळं चोरीचं हाय. चोरीच्या हत्याराची पूजा करतेत का?" उचललेला हात तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात या शहाण्याने पैसे भरून अस्सल सॉफ्टवेअर घेतलं आणि मग नारळ फोडला.

"पुरावा?" सुंदररावांनी विचारलं.

"ईमेल आलाय की."

"ईमेलवर गोल शिक्का हाय?"

"ईमेलवर कसा आसंल साहेब?"

"बरं, चालू करून दाखीव."

त्याने चालू केलं. नेमकं त्या दिवशी नेट गेलेलं, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर मालकाची खात्री नेटवरूनच करून घेतं. पडद्यावर पाटी आली, आपण कोण आहात, पासवर्ड द्या. गहिनीनाथने दिला. परत तीच पाटी. तिसऱ्यांदा आली तेव्हा सुंदररावांचा आवाज चढला.

"बघा धर्मराज, बघा! इतकी दुकानं फिरलो, एका तरी कॉम्प्युटरने मालकाला विचारलं का, तू कोण म्हणून? ज्याचं हाय त्याला आपल्याच घराच्या दारात कोणी नाव-गाव विचारतं का?"

"न्हाई विचारत," तानाजी म्हणाला. "आपलं कधीच न्हाई विचारत."

युक्तिवाद बिनतोड होता. 'संगणक मालकास ओळखत नाही, सबब चोरीचा' असा पंचनामा मी आमच्या लॅपटॉपवर टाईप केला आणि दुकानाला सील लावलं. गहिनीनाथ पायरीवर बसून राहिला. "मी चोर न्हाई हो," एवढंच म्हणत होता. खरं सांगतो, मला लई वाईट वाटलं. पण नमुना क मध्ये वाईट वाटण्याचा रकाना नव्हता.

चार दिवस दुकान बंद राहिलं. लग्नाच्या स्वागताचे फ्लेक्स शेजारच्याकडे गेले. दोन नेत्यांचे वाढदिवस गेले. ठरलेली गिऱ्हाइकं मान खाली घालून समोरून जायला लागली, कारण गावभर झालं होतं की गहिनीनाथ चोरीचं वापरताना सापडला. वीस वर्षं तो खरोखर चोरीचं वापरत होता तेव्हा कोणी ब्र काढला नव्हता.

अडचण आमचीही झाली. सांगता समारंभाचा फ्लेक्स, 'चोरीमुक्त तालुका, आमचा अभिमान', तीस फुटी, समितीच्या तिघांच्या फोटोंसह, त्याच बंद दुकानात छापून पडला होता. सील काढायला प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्राला तानाजीने टाकलेलं सॉफ्टवेअर हवं. मी स्वतः गहिनीनाथच्या घरी गेलो.

"तानाजीकडून टाकून घे आन् मोकळा हो," मी म्हणालो. "दहा मिनिटांचं काम हाय."

"म्हंजी अस्सल काढायचं न् चोरीचं टाकायचं?"

"म्हणजे प्रमाणित व्हायचं."

"आन् सायलीला काय सांगू?"

"सांग, पप्पांना शिक्का मिळाला."

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. आत गेला, बराच वेळ आला नाही, आणि आला तो किल्ली घेऊन.

समारंभाच्या सकाळी सील निघालं. तानाजीने पैसे भरलेलं अस्सल सॉफ्टवेअर उडवलं, खिशातून पेन ड्राईव्ह काढला आणि आपलं टाकलं. कॉम्प्युटर चालू झाला. त्याने कोणालाही काहीही विचारलं नाही. सुंदररावांनी समाधानाने मान हलवली. गहिनीनाथने प्रमाणपत्र भिंतीवर लावलं, आमच्याकडे पाठ करून, सावकाश. मग फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेऊन मांडवाकडे निघाला. तालुका शंभर टक्के चोरीमुक्त झाला. तालुक्यातलं एकुलतं एक अस्सल सॉफ्टवेअर काढल्याशिवाय तो आकडा जुळत नव्हता, त्याला मी काय करू?

आता तुम्ही हसताय. हसा की. सुंदरराव अडाणी, तानाजी लबाड, धर्मराज लाळघोट्या, आणि तुम्ही तेवढे धुतल्या तांदळासारखे, असंच ना? मग एक सांगा. मागे तुम्ही पोरांच्या अभ्यासासाठी लॅपटॉप घेतलात. दुकानदाराने पिशवीत भरण्याआधी विचारलं होतं, "ओरिजिनल टाकू, का नेहमीचं?" तुम्ही ओरिजिनलची किंमतसुद्धा विचारली नाहीत. मोबाईलमधून मान वर न करता म्हणालात, "नेहमीचंच टाका."