शून्य टक्के आणि एक लिफ्ट

तंबाखू हा व्यसनाचा विषय आहे, असं सगळं जग समजतं. आमच्या इमारतीत तो आदराचा विषय आहे. थोरांसमोर ओढायची नाही आणि लहानांना दिसू द्यायची नाही, या दोन नियमांवर आमची चार मजली संस्कृती उभी आहे. इमारतीच्या खांबांना तडे गेले, पण या नियमांना अजून एकही गेलेला नाही. बाहेरचे लोक तब्येतीच्या भीतीने सोडतात. आम्ही सोडत नाही, लपवतो. आणि लपवायला जेवढा संयम लागतो तेवढा सोडायला लागत नाही, असं जाणकारांचं मत आहे. (प्रस्तुत लेखक इमारतीचा सेक्रेटरी असून त्याला या बाबतीत वैयक्तिक अनुभव नाही. पेपरमिंटच्या गोळ्या त्याला लहानपणापासून आवडतात.)

वयोगटांची वाटणी आमच्याकडे कुणीही न ठरवता इतकी चोख झाली आहे, की सरकारने येऊन शिकावं. ज्येष्ठ मंडळी पहाटे गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. याला 'फिरायला जाणं' म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरचे फेरीवाले काका (त्यांना हे नाव रोजच्या फेऱ्यांमुळे पडलं, ते काही विकत नाहीत) वर्षानुवर्षं फिरताहेत आणि त्यांचे बूट अजून नवेकोरे आहेत. मधल्या वयाचे लोक संध्याकाळी पार्किंगमध्ये, चाकांतली हवा बघायला. आमच्या गाड्यांइतकी हवा जगात कुठल्याच गाड्यांची बघितली जात नसेल. पंचविशीच्या आतले मागच्या जिन्यात, फोनवर बोलायला.

तरुण पिढीत तंबाखू जवळजवळ नाहीच, हे सांगताना ऊर भरून येतो. ही पिढी पेनासारखं काहीतरी तोंडात धरते आणि फळांच्या वासाची वाफ सोडते. वडीलधाऱ्यांना तो पेन ड्राइव्ह वाटतो. आमची कन्या कॉलेजात आहे. तिच्या केसांना सदैव स्ट्रॉबेरीचा वास येतो. शाम्पू फार चांगले निघालेत हल्ली.

स्त्रियांमध्ये हे प्रमाण मुळीच नाही. त्यांना विचारण्याची पद्धतच नाही, त्यामुळे आकडा शुद्ध राहतो. (माझ्या आईला दुपारच्या जेवणानंतर ओळीने शिंका येतात. चौथ्या मजल्यावर धूळ फार.)

या सगळ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे जिना. जिन्याने वर जाताना खोकायचं, हा आमचा शिष्टाचार. येणारा खोकतो, असलेला विझवतो, आणि मग दोघे हवापाण्याविषयी बोलतात. काही सभासदांना मुद्दाम खोकावं लागत नाही, त्यांचं आपोआप होतं.

उघडपणे ओढतो तो फक्त वॉचमन. त्याचा इथे सासरा नाही, पोरगा नाही आणि अब्रू राखायला फ्लॅटही नाही. त्यामुळे गच्चीवर सापडणारी सगळी थोटकं एकमताने त्याच्या नावावर जमा होतात. त्याचा एक पाय अधू आहे आणि पहिल्या मजल्याच्या वर तो कधी गेलेला नाही, ही तांत्रिक बाब झाली.

असं सगळं गुण्यागोविंदाने चाललं असताना लिफ्ट बंद पडली.

लिफ्ट म्हातारी होती. येताना मालगाडीसारखी वाजायची, पण यायची. ती गेली, आणि माझी आई चौथ्या मजल्यावर अडकली. तिचे गुडघे वर चढतात, उतरत नाहीत. आणि एकदा उतरलेच तर परत चढायला तयार नसतात. सभासदांची सभा झाली. दुरुस्तीचा भार कुणी उचलायचा यावर तळमजला म्हणाला, आम्हाला लिफ्ट लागतच नाही, आणि पहिला मजला म्हणाला, आम्हाला व्यायाम आवडतो. विषय संपला.

आई गॅलरीत खुर्ची टाकून खाली बघत बसायची. तळमजल्यावर शिवणकाम करणारी मावशी राहते. आई लग्न होऊन या इमारतीत आली, तेव्हापासूनची दोघींची मैत्री. रोज दुपारी मशीनशेजारी दोघींची बैठक असायची, ती मोडली.

"फोन करून देऊ का मावशीला?" मी विचारायचो.

"फोनवर काय देता येतं, काय घेता येतं," आई म्हणायची. "माणसाने माणसाजवळ बसावं लागतं. देवाने एकदा खाली नेलं की झालं."

इतका जिव्हाळा या काळात कुठे राहिला आहे? मी मनाशी ठरवलं, काय वाटेल ते झालं तरी आईला खाली न्यायचं.

नेमकी त्याच सुमारास आरोग्य खात्याची 'तंबाखूमुक्त इमारत' योजना आली. पहिल्या येणाऱ्या इमारतीला तिच्या पसंतीची एक सोय फुकट. मी अर्जात मोठ्या अक्षरांत 'लिफ्ट' लिहिलं आणि वाट बघू लागलो.

सर्वेक्षणाला एक बाई आल्या. कामात अत्यंत काटेकोर. प्रत्येक दार वाजवायच्या, घरातल्या सगळ्यांना बाहेरच्या खोलीत ओळीने बसवायच्या आणि स्वच्छ आवाजात विचारायच्या, "घरात कुणी तंबाखू घेतं का? सिगरेट, तपकीर, कुठल्याही स्वरूपात?" आजोबा मुलाकडे बघायचे, मुलगा नातवाकडे, नातू छताकडे. मग सगळे एका सुरात "नाही" म्हणायचे. कौटुंबिक एकोप्याचं असं दर्शन मी लग्नकार्यातही पाहिलेलं नाही. आमच्या घरी तर कन्येने "ई" म्हणून नाक मुरडलं, आईने पदर तोंडाला लावला आणि मी गोळी चघळत मान हलवली. संपूर्ण इमारतीत 'हो' म्हणणारा एकच निघाला, वॉचमन, आणि तो फ्लॅटधारक नसल्याने त्याची गणना झाली नाही.

निकाल : शून्य टक्के.

आठवड्याने बाई पुन्हा आल्या, चेहरा पाडून. "तुमची इमारत बाद झाली," त्या म्हणाल्या.

"शून्य आहे की आमचं," मी म्हणालो. "शून्याच्या खाली कुणी गेलं का?"

"तीच तर पंचाईत आहे. बक्षीस घट झाल्याबद्दल आहे. आधी किती होते, नंतर किती राहिले. तुमच्याकडे घटायला काही नाहीच."

"आणि समोरची इमारत?"

"त्यांच्याकडे पाच जण आहेत," बाई कौतुकाने म्हणाल्या. "फार आशादायक परिस्थिती आहे."

मी तातडीची सभा बोलावली. आईचे गुडघे, गॅलरीतली खुर्ची, सगळं सांगितलं. इमारतीच्या भल्यासाठी कुणी तरी पाच-सहा जणांनी आपण तंबाखू घेतो असं कबूल करावं आणि महिनाभरात सोडावं, एवढीच मागणी होती. सभागृहात अशी शांतता पसरली की फेरीवाल्या काकांच्या छातीतली घरघर ऐकू येत होती. फेरीवाले काका सुनेसमोर कबूल करणार नाहीत. सून काकांसमोर करणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे प्रत्येकाची मूठ झाकलेली. (काहींची खिशात.)

तेव्हा मला मार्ग दिसला. ज्यांना काही लपवायचं आहे ते कबूल करू शकत नाहीत. म्हणजे कबूल फक्त तेच करू शकतात, ज्यांना लपवायचं काही नाही. मी दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंकडे वळलो. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि त्यांच्या निष्कलंकपणाविषयी इमारतीत कधीच दुमत नव्हतं.

"मी आयुष्यात कधी हात लावलेला नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर, बाई. तुमचा हात मोकळा आहे."

"अहो, पण हे खोटं आहे."

"पहिलं विधान खोटं आहे," मी म्हणालो, "पण महिन्यानंतरचं अगदी खरं असेल. सरासरी काढा."

बाईंनी मनातल्या मनात काढली असावी. मग त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या आईसाठी करते हो. नाहीतर केलं नसतं." त्यांच्यापाठोपाठ पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तयार झाले, मग इमारतीतली उरलेली सगळी निर्व्यसनी माणसं. अशी एकूण सहा भरली. इमारतीत निर्व्यसनी तेवढीच होती. अशा रीतीने सुधारित सर्वेक्षणात जे घेत होते ते न घेणारे ठरले, जे घेत नव्हते ते घेणारे ठरले, आणि बेरीज बरोबर आली.

व्यसनमुक्तीचे वर्ग सुरू झाले. गणिताच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की त्यांना अजिबात तलफ येत नाही. समुपदेशकाने वहीत 'रुग्ण वस्तुस्थिती नाकारतो' अशी नोंद केली आणि त्यांना जादा तासाला बसवलं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातले पेशंट त्यांच्याकडे करुणेने बघू लागले. मात्र इमारतीने आपल्या व्यसनी सभासदांना वाऱ्यावर सोडलं नाही. फेरीवाले काका रोज बाईंच्या दारात थांबून धीर द्यायचे. "तिसरा दिवस फार वाईट असतो बघा," ते कळवळून म्हणायचे. "चहानंतर तर जीव नको होतो. पण मनावर घेतलं की सुटतं. मी कितीदा तरी..." आणि मग त्यांना फेऱ्यांची आठवण व्हायची. मीही बाईंना माझ्या पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या. त्या त्यांना इतक्या आवडल्या की आता त्यांना दिवसाला दोन पाकिटं लागतात. सोडायचा प्रयत्न चालू आहे.

महिनाअखेर सहाच्या सहा जण मुक्त झाले. शंभर टक्के घट. समोरच्या इमारतीत पाचांपैकी एकच सुटला, आणि तोही घर बदलून गेला म्हणून. लिफ्ट आम्हाला मिळाली.

नवी लिफ्ट फार देखणी. हसतमुख दिवे, आत आरसा, आणि आवाज म्हणून अजिबात नाही. जुनी लिफ्ट चौथ्यापर्यंतच यायची. हिला गच्चीचंही बटण होतं. ही गोष्ट मंजूर करताना कमिटीतल्या कुणाच्याही मनात धोक्याची घंटा वाजली नाही. सेक्रेटरी या नात्याने मी ती जबाबदारी कमिटीवर टाकतो.

उद्घाटनाची जय्यत तयारी झाली. आरोग्य खात्याचे साहेब येणार म्हणून पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, मागच्या जिन्यात चहाचं सामान ठेवलं. ठरलं असं, की आई चौथ्या मजल्यावरून लिफ्टने खाली येईल, दार उघडेल, आणि साहेब तिच्या हातात फूल देतील. साहेबांना यायला उशीर झाला. वाट बघून लोक अस्वस्थ झाले. पार्किंगमध्ये पाहुणे, जिन्यात चहा, तेव्हा ज्याला त्याला थोडी मोकळी हवा घ्यावीशी वाटली, आणि मोकळी हवा एकाच ठिकाणी उरली होती.

म्हणून तिन्ही पिढ्या एकाच वेळी गच्चीवर आल्या. टाकीच्या मागे काका आणि त्यांच्या बरोबरीचे. वाळत घातलेल्या चादरींच्या अलीकडे मधल्या वयाची मंडळी, पलीकडे तरुण. कुणी कुणाला दिसत नव्हतं. चादरींवरून धूर वर जात होता, त्यात कुठूनसा स्ट्रॉबेरीचा वास मिसळला होता, आणि मला वाटलं, कुणीतरी आत्ताच न्हाऊन आलंय.

साहेब आले, तसा खालून आईला फोन गेला, "या आता." आईने चष्मा लावला नव्हता. तिने सगळ्यांत खालचं बटण समजून सगळ्यांत वरचं दाबलं.

कुणी खोकलं नाही, काही वाजलं नाही. दार उघडलं, आणि आत नवी साडी नेसलेली माझी आई. वाऱ्याने नेमक्या तेव्हाच चादरी उडवल्या.

माझ्यासमोर माझी कन्या उभी होती, तोंडातून वाफ निघत असलेली. तिच्यासमोर तिचा बाप. पलीकडे काकांची सून, काकांसमोर.

"काय गं?" मी म्हणालो.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही?"

"काही नाही."

कुणी जागचं हललं नाही. माझ्या बोटांना चटका बसत होता, पण ती हलवायची लाज वाटत होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं, आणि चार मजल्यांवर ते सोपंही नसतं. आई सगळ्यांकडे बघत होती. चष्मा नव्हता, पण तिला नाक होतं.

"इथे वारा बरा आहे," ती म्हणाली. मग तिने कमरेची पिशवी चाचपली आणि तपकिरीची छोटी डबी काढली. तिने ती उलटी करून झटकली, तिच्यातून काहीच पडलं नाही. "मावशीकडूनच मिळायची रे मला," ती म्हणाली. "किती महिने झाले, तळाशी पुसून पुसून पुरवतेय." मग तिने बोट डबीच्या तळाशी फिरवलं आणि सगळ्यांवर नजर टाकली. "आता तोंडं फिरवा पाहू सगळ्यांनी. मोठ्यांचा मान ठेवायचा असतो."

सगळ्यांनी तोंडं फिरवली. प्रत्येक जण आपापल्या कठड्याकडे बघत उभा राहिला, कुणाची कुणाला नजर नाही. आईला शिंक आली. मग हळूहळू, कुणालाही न दिसता, सगळ्यांनी आपापलं उरलेलं संपवलं. इतकं सुसंस्कृत दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

थोड्या वेळाने आई खाली उतरली. साहेबांनी फूल दिलं, भाषण केलं, ही इमारत तरुणांसमोर आदर्श आहे म्हणाले. मग त्यांनी माइक आईपुढे धरला. "आजी, तुमच्या इमारतीत खरंच कुणी घेत नाही?"

"माझ्यासमोर तरी कुणी घेत नाही हो," आई म्हणाली. तेही खोटं नव्हतं. टाळ्या थांबेपर्यंत ती मावशीच्या दारात पोचली होती.

या यशामुळे आरोग्य खात्याने मला पुढच्या सर्वेक्षणाचा मानद निरीक्षक नेमलं आहे. लवकरच तुमच्या दाराशी येईन. घरातल्या सगळ्यांना ओळीने बसवून विचारीन. तुमच्याकडे कुणी घेत नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे. तुमच्याकडचे शाम्पू चांगले असतात, तुम्हाला गोळ्या आवडतात आणि दुपारी धूळ फार असते. तेव्हा काळजी करू नका. तुमच्याकडे लिफ्ट असली तरी मी जिन्याने येईन, आणि येताना खोकेन.