अप्पांचा चौक

इथे परदेशात, सेरंगूनच्या मॉलमध्ये ऐन गर्दीत उभे राहून अप्पा लिमये ओरडायचे, "याला चौक म्हणतात? बसायला बाक नाही, भांडायला माणूस नाही!"

तरुणपणी ते कारखान्याच्या कामासाठी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या एका छोट्या गावात पत्नीसह राहिले होते. त्यानंतर पृथ्वीवरच्या प्रत्येक गावाला त्यांनी नापास केलं. लिफ्टमध्ये शिरताना ते सगळ्यांना नमस्कार करत. शेजारी दचकत. "आमच्या गावात दुकानात शिरतानाही करतात!"

संध्याकाळी इमारतीखाली आम्ही मराठी म्हातारे जमायचो. तिथे गावाचा इतिहास सुरू होई. प्लेग सरल्यावर उभारलेला खांब, भिंतीवरच्या पुराच्या खुणा, बिअरची भट्टी. "राजा गेला, जर्मन आले, रशियन आले. प्रत्येकाने चौकाचं नाव बदललं. लोक आपले 'चौक'च म्हणत राहिले. असा हट्ट हवा!"

फक्त चौकातलं कारंजं एका जागी राहत नसे. आज चर्चच्या डावीकडे, उद्या भट्टीमागे. अप्पांशेजारी गप्प बसलेल्या त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, मध्येच काही पुटपुटत. आम्हाला वाटे, त्याही वैतागल्या.

लोक आजही म्हणतात, "लिमये थापाड्या. कधी गेलाच नव्हता." साफ खोटं! आणि जास्त चीड याची, की हे पिल्लू मीच सोडलं.

"अप्पा," मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "कारंज्याला चाकं आहेत का हो?"

हशा पिकला. कुणीतरी व्हॉट्सॲपवर कारंज्यांचे फोटो टाकले, "यातलं तुमचं कुठलं?" अप्पा यायचे बंद झाले. कुणी चौकशी केली नाही. कसली ही माणसं! मीही त्यांतलाच.

शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मुलालाही ओळखत नाहीत, अप्पा म्हणाले.

"खाली येत चला," मी म्हणालो. "आणि कारंजं म्हणाल तिथे."

"मला ठाऊक आहे हो कुठे होतं ते," अप्पा भडकले. मग आवाज उतरला. "बरोबर सांगितलं, तर ही बोलत नाही."

ते वहिनींकडे वळले. "सुमन, कारंजं भट्टीमागे होतं ना?"

खिडकीवरची नजर न काढता वहिनी फणकारल्या, "चौकाच्या मधोमध हो! तुम्हाला मेलं काही लक्षात राहत नाही."

अप्पा खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. "आणि चर्च? नदीपलीकडे?"