दगडूभाऊ आणि जाड टायरची सायकल

कुठेही जाड टायरची सायकल उभी दिसली, की आमचे दगडूभाऊ रस्ता ओलांडून तिच्यापाशी जातात आणि पुढचा टायर अंगठ्याने दाबून बघतात. आंबा पिकलाय का ते बघावं तसं. मालक शेजारी उभा असला तरी त्याला विचारत नाहीत. दाबून झालं की मालकाकडे संशयाने बघत म्हणतात, "थंडीत कशी चालती?"

मालक बहुतेक वेळा कुठल्यातरी कंपनीतला हौशी तरुण असतो. तो गिअर, ब्रेक, फ्रेमचं वजन सांगायला लागतो. भाऊ हात वर करून त्याला थांबवतात.

"ते ऱ्हाऊ द्या. थंडीचं बोला."

भाऊ तळेगावजवळ वराळ्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. लोणावळ्याला रेल्वेत होते, रुळांच्या देखभालीवर. रिटायर झाल्यावर इथे आले. बायको गेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी तळेगावच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि रविवारी सकाळी त्यांच्याकडे चहाला जातो. चहा गोड असतो, बाकी सगळं कडू. जग त्यांना पसंत नाही. लोणावळ्याला येणाऱ्यांबद्दल त्यांचं म्हणणं असं, की ही माणसं धुक्याचा फोटो काढायला येतात आणि फोटोत काही दिसत नाही म्हणून चिक्की घेऊन परत जातात. आमच्या सोसायटीच्या नावात 'ग्रीन' आहे. भातखाचरं बुजवल्याचं पाप लागू नये म्हणून ते नाव ठेवलंय, असं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोलले होते. तेव्हापासून त्यांना मीटिंगची वेळ कोणी कळवत नाही.

दिवाळी सरून हवेत गारठा आला, की भाऊंचा सायकलचा विचार सुरू होतो. त्यांचं गाव आंदर मावळात, डोंगराच्या पोटाशी. तिथे जायचं तर धरणाच्या कडेकडेने जायचं आणि थंडीतच जायचं, हे त्यांचं ठरलेलं. पावसाळ्यात ती वाट नसतेच. थंडीत पाणी जरा मागे हटतं आणि वाळलेल्या गाळातून वाट निघते. त्या गाळात साधी सायकल रुतते, जाड टायरची रुतणार नाही. दवाने भिजलेल्या गवतावरून घसरणार नाही. पण मग तिचं वजन? चढाला रेडा ढकलल्यासारखं व्हायचं. आणि गारठ्यात गुडघे धरले तर? असा दोन्ही बाजूंनी विचार करता करता होळी येते, थंडी संपते आणि निकाल पुढच्या हिवाळ्यावर जातो. असे बरेच हिवाळे गेले.

एकदा मी म्हटलं, भाऊ, एसटी जाते की गावाला. नाहीतर मी बाइकवरून सोडतो. त्यावर ते इतके चिडले की चहा तसाच राहिला. एसटीत अख्खं गाव असतं म्हणाले, आणि बाइकचा आवाज आधी गावात पोचतो, माणूस मागनं. हा त्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा, असं मी धरून चाललो.

यंदा मात्र मी कंटाळलो. एकदा चालवून बघा आणि काय ते ठरवा, असं सांगून त्यांना लोणावळ्याला घेऊन गेलो. तिथे एका दुकानात अशा सायकली दिवसाच्या भाड्याने मिळतात. दुकानदाराने आम्हाला पर्यटक समजून सनसेट पॉइंटचा रस्ता समजावायला घेतला. भाऊ म्हणाले, "आमाला मावळायला पॉइंट लागत न्हाई. आमी कुटंबी मावळतो."

मित्राच्या पिकअपमध्ये सायकली टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डांबरी रस्ता संपतो तिथे उतरवल्या. भाऊंनी हेल्मेट घातलं, मफलर नाकापर्यंत ओढून घेतला आणि पुढे निघाले. गाळ आला, ओलं गवत आलं, दगड आले. सायकल कुठे अडली नाही. मी दमलो, ते दमले नाहीत. सगळ्या वाटेत एका शब्दाने कोणाची निंदा केली नाही, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटायला हवं होतं.

एका वळणानंतर कापणी झालेली खाचरं दिसली. बांधावर एक म्हातारा पेंढा रचत होता. भाऊंनी करकचून ब्रेक दाबला. म्हाताऱ्याने आमच्याकडे बघितलं.

"पावनं, वाट चुकलं का?"

भाऊंनी मफलर आणखी वर ओढला. मग मीच ओरडून सांगितलं, की सहज फिरायला आलोय. म्हातारा म्हणाला, पुढं वाट न्हाई. मग त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाला, "एवढ्या सकाळचं आलाय, च्या घेऊन जा."

मी वळून बघितलं तर भाऊंनी सायकल फिरवली होती आणि आल्या वाटेने निघाले होते.

बऱ्याच अंतरावर ते एका दगडावर बसलेले सापडले. हेल्मेट मांडीवर. मग त्यांनीच सांगितलं, तो म्हातारा सहादू, त्यांचा धाकटा भाऊ. वाटणीनंतर भाऊंनी आपली जमीन बंगलेवाल्यांना विकली आणि त्यातून आमच्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेतला. त्या जमिनीत झरा होता. बंगलेवाल्यांनी कंपाउंड घातलं आणि सहादूच्या खाचरांचं पाणी तुटलं. पुन्हा तोंड दाखवू नको, एवढंच सहादू म्हणाला होता. भाऊंनी ते आजपर्यंत पाळलं.

मी म्हटलं, "भाऊ, आता तर तेच चहाला बोलवत होते."

"पावन्याला बोलवत हुता. मला न्हाई."

मी सायकलचं विचारलं. ती चांगली आहे म्हणाले. थंडीत तर लय चांगली, बरोबर पोचवती.

"मग घ्यायची का?"

त्यांनी मांडीवरचं हेल्मेट खाली ठेवलं.

"न्हाई. इतकी वरसं मी मनाला सांगायचो, जायला नीट साधन न्हाई. ही घरात आल्यावर काय सांगू?"

आम्ही सायकली परत केल्या. पुढच्या रविवारी चहाला गेलो तर भाऊंनी सोसायटीला शिव्या दिल्या, लोणावळ्याला दिल्या, सायकलचं नाव काढलं नाही. मी निघालो तेव्हा त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. आत अडुळशाच्या औषधाच्या बाटल्या होत्या आणि एक लोकरीची बंडी.

"ल्हानपनापासनं थंडीत छाती भरती त्याची," ते म्हणाले. "तुझी बाइक घेऊन जा. कुनी दिलंय म्हनून इचारलं, तर म्हनावं, त्या दिवशीच्या पावन्यानं."