मागच्या दाराचं हापिस

माणूस कामाला आहे की नाही, हे तो काय काम करतो यावरून ठरत नाही. तो सकाळी घरातून निघतो की नाही, यावरून ठरतं. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण आमच्या केज गावात तो आजवर कुणी मोडला नव्हता. (अपवाद एक मांत्रिक. त्याच्याकडे लोकच जायचे.)

सन २००२ मध्ये आमच्या गल्लीतल्या मृत्युंजयनं तो मोडला. हा कापडवाल्या वैजिनाथअप्पांचा मुलगा. औरंगाबादेत कॉम्प्युटर शिकला आणि शिकून परत केजला आला, तेव्हाच लोकांना संशय आला होता. मागच्या खोलीत टेलिफोनची वायर ओढून तो दिवसभर खटखट करत बसे. छापायला निघालेल्या कागदांना कॉम्प्युटरच्या आत रांगेत उभं करणारा एक प्रोग्राम होता. तो सांभाळायचा, हे त्याचं काम. सहकारी तीन: जर्मनीतले एक गृहस्थ, स्वीडनच्या एक बाई, आणि ब्राझीलचा एक इसम, जो फक्त चुका काढी. पगार जर्मनीहून बँकेत येई. पण जिथं एसटीला माणसं रांगेत उभी राहत नाहीत, तिथं कागद रांगेत लावायचा कुणी पगार देतं, हे गळी उतरणं अवघड होतं. त्यात तो प्रोग्राम साऱ्या जगाला फुकट. कुणीही उघडावा, वाचावा, बदलावा, घेऊन जावा.

"म्हंजे दुकान उघडं टाकायचं अन् गिऱ्हाइकाला म्हणायचं, कापड बी ने, कात्री बी ने," अप्पा म्हणत. "वर त्यानंच येऊन सांगायचं, तुमचं माप चुकलंय!"

"अन् आपण त्याचे आभार मानायचे," मृत्युंजय शांतपणे म्हणे. अप्पा चप्पल घालून दुकानाकडे निघत.

घरी बसलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. मी निवृत्त मास्तर, घर समोरच, त्यामुळे एका आठवड्याची नोंद माझ्याकडे आहे. गल्लीतल्या गॅसच्या टाक्या आत ठेवणे, चार. पाहुण्यांना स्टँडवर सोडणे, सात. शेजारच्या रतनबाईंची हरवलेली शेळी शोधणे, एक (शेळी गोठ्यातच होती). आणि 'बसलाच हायस तर' या शब्दांनी सुरू होणारी इतर कामं, एकोणीस. उरलेल्या वेळात त्यानं जर्मनीचं काम करावं, याला गल्लीची काहीच हरकत नव्हती.

हेही चाललं असतं. पण लिंबागणेशच्या केदारनाथअप्पांची मुलगी स्वप्नाली मृत्युंजयसाठी बघायला आम्ही सगळे गेलो. केदारनाथअप्पा एका सरकारी खात्यात कारकून. (खात्याचं नाव मी सांगत नाही, त्यांनाही ते आठवायला वेळ लागला.) पोह्यांनंतर रिवाजाप्रमाणे मुलीला म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचार. ती म्हणाली, "तुमचा प्रोग्राम बीडला आमच्या क्लासात सीडीवर हाय. मी वाचला. लई छान हाय, पण एके ठिकाणी चुकलाय."

मृत्युंजय त्या क्षणी कामातून गेला. घरी येऊन बघतो तर खरंच चुकला होता. ब्राझीलच्या माणसालाही ती चूक सापडली नव्हती. तो आईला, शिवम्माला, सरळ म्हणाला, "लग्न करीन तर हिच्याशीच."

पण तिकडे केदारनाथअप्पांनी मध्यस्थाला एकच विचारलं होतं. "पोरगा जातो कुठं?"

"कुठंच न्हाई. घरीच असतो."

"अस्सं," असं म्हणून त्यांनी चहा बशीत तसाच ठेवला. आमच्याकडे याला नकार म्हणतात. मागून निरोप आला, की पैसे काय, मटक्याचे बी येतात. पोरगा कामाला जाताना डोळ्यानं बघितल्याबिगर पोरगी देणार न्हाई, आणि बघायला महिन्याभरात न सांगता येऊ.

मृत्युंजयनं जेवण टाकलं. शिवम्मा रडायला लागली. मला स्वतःला इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी मी त्याला पोस्टात पाठवलं नाही.

तोड काढली रतनबाईंनी. "कावून रडता समदे? सकाळी हातात डबा द्या अन् भाईर काढा त्याला. मागच्या दारानं आत येऊ द्या."

ठराव एकमतानं पास झाला. रोज नऊ चाळीसला मृत्युंजय इस्त्रीच्या कपड्यांत, डबा घेऊन पुढच्या दारातून निघे. पिठाची गिरणी, मग रतनबाईंचा गोठा, मग स्वतःचंच मागचं दार. एकूण दोनशे दहा पावलं. संध्याकाळी साडेपाचला त्याच वाटेनं उलट. रतनबाई गोठ्यापाशी बसून उशिरा येण्यावर लक्ष ठेवत. गोठ्याची म्हैस वाटेत बसली, तर त्या दिवशी किरकोळ रजा धरत.

परिणाम थक्क करणारे होते. कुणी टाकीसाठी हाक मारली, की शिवम्मा म्हणे, "तो हापिसात गेलाय." आतून खटखट ऐकू येत असे. तरी माणूस मान हलवून परत जाई. हापिसात गेलेल्याला कसा बोलवणार? अप्पा गिऱ्हाइकांना सांगू लागले, "पोराला घडीभर फुरसत न्हाई." काम तिप्पट व्हायला लागलं. स्वीडनच्या बाईंनी विचारलं, नवीन ऑफिस घेतलं काय? यानं खरं तेच कळवलं: हो, घराजवळच आहे.

एका गुरुवारी केदारनाथअप्पा आले. साडेनऊपासून पानटपरीमागे उभे. मृत्युंजय निघाला, तसे ते मागोमाग. गिरणी झाली. गोठा झाला. आणि पोरगा ज्या घरातून निघाला, त्याच घरात त्यांच्या डोळ्यांदेखत शिरला.

शिवम्मानं पदर तोंडाला लावला. केदारनाथअप्पा मागच्या खिडकीतून बराच वेळ आत बघत राहिले. आत पोरगा मान खाली घालून काम करत होता. त्याला कशाचा पत्ता नव्हता.

शेवटी रतनबाईंनाच राहवलं नाही. "पाव्हणं, तुमी रागावू नका. पण आज गुरवार. तुमचं हापिस?"

"मी हापिसातच हाय की," ते सहज म्हणाले. "आजची सही कालच करून ठेवलीय." मग गोठ्याच्या कट्ट्यावर बसून त्यांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. "सव्वीस वर्षं झाली बाई, रोज टायमाला निघतो. फुडं काय करतो, कुणी इचारलं न्हाई. ह्यो पोरगा तर निघून वर काम बी करतो! तेवढं एक खटकलं. पण लग्नानंतर कमी होईल."

लग्न वैशाखात झालं. काम कमी झालं नाही, उलट मागच्या खोलीत दुसरी खुर्ची आली. आता नऊ चाळीसला दोन डबे निघतात. चुका काढायचं काम स्वप्नालीकडे आहे, आणि ब्राझीलचा माणूस जरा नाराज असतो.

गल्लीनं या सगळ्यातून एवढाच बोध घेतला, की माणसानं वेळेवर निघावं. तो बोध मी तुमच्यापर्यंत पोचवला. आणि तुम्ही, एवढी मोठी गोष्ट कामाच्या वेळेत शेवटपर्यंत वाचलीत, त्याबद्दल आभारी आहे. संकोच करू नका. सकाळी डबा घेऊन निघाला होतात ना? मग झालं तर.