पीस काढून तेल लावावे

आलेल्या प्रत्येक पत्राला आठ दिवसांच्या आत उत्तर देणारा माणूस, अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवलेली आहे. विमा कंपनीने वाढदिवसाचं छापील कार्ड पाठवलं, तेव्हाही मी हाताने आभाराचं पत्र लिहिलं होतं. असा मी, पण सूर्यकांतच्या पत्राला मात्र सहा आठवडे उत्तर दिलं नाही. त्यातून पुढे जे झालं ते मी सांगणार नव्हतो, पण आता ते टोरोंटोजवळच्या ह्या आमच्या व्हिटबीत सगळ्यांना कळणारच आहे, तर निदान माझ्या तोंडून तरी कळावं!

सूर्यकांत म्हणजे माझ्या समोरच्या घरात राहणारा निवृत्त दंतवैद्य. पोरांचे वाकडे दात तारा लावून सरळ करण्यात त्याची हयात गेली. मला काही सांगायचं तर त्याने रस्ता ओलांडून यायला हरकत नव्हती. पण त्याने नवा लेटरहेड छापून घेतला होता, आणि तो कुठे तरी वापरणं भाग होतं. म्हणून पत्र पोस्टाने आलं. वर एकमेकांवर रेललेली दोन पिस्तुलं आणि खाली 'जर्मन शस्त्र अभ्यासक मंडळ, व्हिटबी'. मंडळात तीन जण : एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, एक चिटणीस. साधा सभासद एकही नाही.

अध्यक्ष सूर्यकांत. त्याच्याकडे नव्वद वर्षांचं एक जर्मन पिस्तूल आहे. कॅनडात आता पिस्तुलांची खरेदी-विक्री थांबली आहे. ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांनी कुलपात ठेवून सांभाळावं, एवढंच. सूर्यकांत ते असं सांभाळतो, की पहिल्या खेपेच्या बाळंतिणीचे इतके लाड होत नसतील. त्याच्या बायकोच्या, ऊर्मीवहिनींच्या, गुडघ्यांना दमट हवा सोसत नाही, पण घरातला एकुलता एक डीह्युमिडिफायर बेसमेंटमध्ये, पिस्तुलापाशी!

उपाध्यक्ष देवदत्त, वीजकेंद्रातून निवृत्त झालेला इंजिनिअर. त्याच्याकडे महायुद्धातली जर्मन सबमशीनगन आहे. तिची नळी कायद्याप्रमाणे आतून पोलाद भरून कायमची बंद केलेली. तिच्यातून आता गोळीच काय, फुंकरसुद्धा जात नाही. तरी हा गृहस्थ दर रविवारी तिचं अंग पुसतो, तिला तेल लावतो, आणि जर्मन यंत्रं कशी वर्षानुवर्षं बिघडत नाहीत ते बायकोला समजावतो. बायकोच्या गाडीला विंटर टायर लावायचे मात्र जानेवारीपर्यंत राहून जातात.

चिटणीस परीक्षित. त्याच्याकडे काहीच नाही. त्याचं लायसन्स हातात पडलं आणि त्याच सुमारास खरेदी बंद झाली. आता त्याच्याकडे सफाईचे ब्रश, तीन प्रकारची तेलं, पांढरे हातमोजे आणि एक मखमली पेटी आहे. पेटीत पिस्तुलाच्या आकाराची खाच. तो ती खाच पुसतो. मंडळात सर्वांत जास्त तोच बोलतो.

ह्या तिघांनी मला पत्र का लिहिलं? कारण मला जर्मन येतं. निदान व्हिटबीचा तसा समज आहे. तरुणपणी पुण्यात मी जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. पुढे टोरोंटोच्या एका ग्रंथालयात तीस वर्षं जर्मन पुस्तकांच्या नोंदी केल्या. नोंदीसाठी पुस्तकाचं पहिलं पान पुरतं. त्यामुळे मी हजारो जर्मन पुस्तकांची पहिली पानं वाचली आहेत. दुसऱ्यावर जायची वेळ आली नाही. पण एकदा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी तरी 'आपले जर्मन पंडित दीनानाथराव' अशी ओळख करून दिली आणि मी ती दुरुस्त करायला लाजलो. त्याला आता तीस-एक वर्षं झाली.

पत्रात लिहिलं होतं, की पिस्तुलाबरोबर कारखान्याने दिलेलं सफाईचं मूळ जर्मन पत्रक हाती लागलं आहे. इंटरनेटवरची इंग्रजी भाषांतरं वरवरची आहेत. तरी आपण मुळाबरहुकूम मराठी करून द्यावं; खंडेनवमीला शस्त्रपूजेच्या वेळी पुस्तिकेचं प्रकाशन करू.

मला नाही म्हणायचं होतं. मी नकाराचे चार मसुदे केले. पहिल्यात प्रकृतीचं कारण होतं, दुसऱ्यात तत्त्वाचं, तिसऱ्यात दोन्ही. चौथा इतका नम्र झाला, की तो होकार वाटायला लागला.

चित्रा, माझी बायको, म्हणाली, "अहो, 'मला येत नाही' एवढं लिहायला इतका कागद लागतो?"

मी म्हटलं, प्रश्न येण्या-न येण्याचा नाही. अशा पोरकट नादाला उत्तेजन द्यावं का, हा आहे. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहते तेव्हा मला माझी दोन्ही परीक्षांची गुणपत्रकं आठवतात.

मी गप्प राहिलो. आणि गणपतीच्या आरतीनंतर सूर्यकांतने माइक हातात घेऊन जाहीर केलं, की दीनानाथरावांनी मौनाने संमती दिलेली आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर मी उभा राहिलो आणि नमस्कार केला. हे मी का केलं, ते मला अजून कळलेलं नाही.

भाषांतर तीन दुपारी झालं. जवळ कॉलेजातला कोश होता. तो मी कवितांसाठी घेतला होता. त्याला फुलं, झाडं, विरह वगैरे चांगलं समजत होतं. पत्रकात 'हान' शब्द आला. कोश म्हणाला, कोंबडा. 'श्लॉस' आला. कोश म्हणाला, किल्ला. 'फेडर' आला. कोश म्हणाला, पीस.

मला शंका आली नाही असं नाही. पण मला शंका प्रत्येक गोष्टीची येते. दार लावलं की नाही ते बघायला मी दोनदा मागे जातो. त्यामुळे माझ्या शंकांवर माझा विश्वास राहिलेला नाही. शिवाय मनात आलं, की बंदुकांना न्हाऊमाखू घालणारी माणसं असलंच काही तरी लिहीत असणार. कारागिरांनी कोंबडा पाळला असेल. पिसाने तेल लावत असतील. ह्या वेडगळपणात अर्थ शोधण्याइतका मी रिकामा नाही, असं म्हणत मी लिहून टाकलं :

'प्रथम किल्ला मागे ओढावा. कोंबडा खाली बसला आहे याची खात्री करावी. नंतर पीस बाहेर काढून तेल लावावे व पुन्हा जागेवर बसवावे. पीस ताणू नये.'

वाचून मला बरंच हसू आलं. लेखकाला हसलो. तो लेखक त्या घडीला कोण होता, हे ध्यानात आलं नाही.

पुस्तिकेच्या पन्नास प्रती निघाल्या. मंडळ तीन जणांचं!

खंडेनवमीला दुपारी आम्ही सूर्यकांतच्या बेसमेंटमध्ये जमलो. चौरंगावर पिस्तूल, शेजारी सबमशीनगन, तिच्याशेजारी परीक्षितची रिकामी पेटी. हळदकुंकू पिस्तुलापासून वीतभर दूर वाहायचं, कारण हळदीत ओल असते. झेंडूचं फूल तर आणखी लांब. उदबत्ती लावायची नाही, धूर बसतो. देवाला शंका यावी, की पूजा आपली आहे की आपल्यापासून बचाव चालला आहे. नैवेद्याचं श्रीखंड-पुरीचं ताट मात्र ऊर्मीवहिनींनी जवळच आणून ठेवलं आणि त्या वर गेल्या.

सूर्यकांतने हातमोजे चढवले, पिस्तूल रिकामं असल्याचं तिघांनी आळीपाळीने पाहिलं, आणि पुस्तिकेचं वाचन सुरू झालं.

"प्रथम किल्ला मागे ओढावा," सूर्यकांतने वाचलं.

आता कोणी तरी विचारणार, किल्ला म्हणजे काय? मी घाम पुसला. पण तिघेही तज्ज्ञ! तज्ज्ञ माणूस कसा विचारेल? देवदत्तने सावकाश मान हलवली आणि म्हणाला, की बरोबर आहे, जर्मन लोक त्याला किल्लाच म्हणतात. सूर्यकांतने जे मागे ओढलं जाण्यासारखं दिसलं ते ओढलं.

कोंबड्याचं वाक्य आलं तेव्हा परीक्षित पुढे सरसावला. कोंबडा हा त्या कारखान्यातल्या जुन्या कारागिरांचा सांकेतिक शब्द होता, असं त्याने सांगितलं. कोंबडा खाली बसणं म्हणजे यंत्र शांत होणं. इंग्रजी भाषांतरकारांना हा बारकावा कळलेलाच नाही. हे सांगताना त्याने माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं, की मी मान डोलावली. देवा, मी मान डोलावली!

मग पिसाचं वाक्य आलं. सूर्यकांतने ते दोनदा वाचलं.

"पीस बाहेर काढून," तो हळूच म्हणाला. "म्हणजे पीस आत आहे."

"नव्वद वर्षांत कोणी काढलं नसणार," देवदत्त म्हणाला.

"म्हणजे ओरिजिनल पीस!" परीक्षित जवळजवळ ओरडलाच. "कारखान्यातलं!"

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ह्या एवढ्या अवधीत 'थांबा' हा शब्द तीन वेळा म्हणून झाला असता. सूर्यकांतने आजवर पिस्तूल वरवरच पुसलं होतं. इतक्या आत तो कधी गेलाच नव्हता. पण आत नव्वद वर्षांचं जर्मन पीस वाट पाहत होतं. त्याने दातांचं अवजार घेतलं, कुठला तरी तुकडा दाबला, कुठला तरी सरकवला.

टिंग!

काही तरी उडालं, छतावर आपटलं आणि नाहीसं झालं. पण उडताना मी ते पाहिलं होतं. तारेचं वेटोळं. स्प्रिंग! आणि त्याच क्षणी मला कोशातल्या त्या शब्दाखालची दुसरी ओळ डोळ्यांपुढे दिसली. फेडर : एक, पीस. दोन, स्प्रिंग. मी एकवरच थांबलो होतो. कोंबडा म्हणजे बंदुकीचा घोडा असणार. मराठीत आपण घोडा म्हणतो आणि त्याला हरभरे घालायला जात नाही, एवढंही मला सुचलं नव्हतं.

तिघे गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत होते. परीक्षित तर अजून पीसच शोधत होता. इतक्यात ऊर्मीवहिनी खाली आल्या, त्यांनी ताटाकडे पाहिलं, श्रीखंडातून दोन बोटांनी स्प्रिंग उचलली आणि वर नेली. परत आल्या तेव्हा ती भांड्यांच्या साबणाने, गरम पाण्याने, लख्ख धुतलेली होती. पाणी! देवदत्तला जिन्यावर बसावं लागलं.

इथवर गंमत होती. मी मनातल्या मनात हसतही होतो. पण सूर्यकांतने स्प्रिंग हातात घेतली नाही. त्याने हातमोजे उतरवले आणि बोटं बघत राहिला.

"चाळीस वर्षं ह्याच बोटांनी पोरांच्या तोंडात स्प्रिंगा बसवल्या," तो म्हणाला. "एक निसटली नाही. आज निसटली."

देवदत्त म्हणाला, अरे, होतं असं. पण सूर्यकांत ऐकेना. आपले हात गेले, हे त्याचं ठरलं. शुक्रवारी पोलिसांना बोलावून पिस्तूल देऊन टाकायचं, आणि दर गुरुवारी कॉलेजात मुलांना तार वळवायला शिकवतो, तेही ह्या आठवड्यापासून बंद. पुस्तिकेला कोणी नाव ठेवलं नाही. उलट, एवढं अचूक भाषांतर हाताशी असूनही आपल्याला जमलं नाही, असं तो म्हणाला, आणि त्याने माझी माफी मागितली.

मी म्हटलं, "चालायचंच."

घरी येऊन मी चित्राला सगळं सांगितलं. तिने पुरतं ऐकून घेतलं.

"जा आणि सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंत ते. त्याच्या पिस्तुलाचं मला काही नाही, गेलं तर वहिनी साखर वाटतील. पण तो गुरुवारी जायचा बंद झाला, तर घरात बसून बसून खचेल. आणि तुम्ही खिडकीतून बघत बसाल."

मी निघालो. आमच्या ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत गेलो. समोर सूर्यकांत पानं गोळा करत होता. मध्येच थांबून तो हात पुढे धरायचा आणि थरथरतो का ते बघायचा. मला पाहून त्याने हात खाली घेतला. मी टपालाची पेटी बघायला आल्यासारखं केलं आणि घरात शिरलो. दुसऱ्या दिवशी हेच दोनदा झालं. बंदुकांना भिणाऱ्या माणसाला मी नेहमी समजून घेत आलो आहे, पण मी दारावरच्या घंटीला भीत होतो.

मंगळवारी सकाळी टेबलाशी बसलो. पाचवा मसुदा. खाडाखोड झाली नाही.

'प्रिय सूर्यकांत, तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. मला जर्मन येत नाही. पहिल्या पानापुरतं येतं. पीस म्हणजे स्प्रिंग. कोंबडा म्हणजे घोडा. किल्ला म्हणजे बहुधा कुलूप, पण शपथेवर सांगणार नाही. तुम्ही आत पीस शोधत होता म्हणून स्प्रिंग उडाली. तुमचे हात ठणठणीत आहेत. तुमचा नाद मला अजूनही मूर्खपणाचा वाटतो, पण त्या दिवशीचा मूर्खपणा माझा होता. गुरुवारी शिकवायला जा. आपला, दीनानाथ.'

साध्या टपालाने ते गुरुवारच्या आत पोचलं नसतं. आमचं पत्र आधी टोरोंटोला जातं, तिथे त्याची वर्गवारी होते आणि मग ते व्हिटबीला परत येतं. म्हणून मी गाडी काढली, औषधांच्या दुकानातल्या पोस्टाच्या काउंटरवर गेलो आणि उद्या हातात पडलंच पाहिजे असं, सही घेऊन देण्याचं, सगळ्यांत जलद टपाल मागितलं.

काउंटरवरच्या मुलीने दोन्ही पत्ते टाइप केले. मग पुन्हा पाकिटाकडे पाहिलं. रस्ता एक, एकेचाळीस आणि चव्वेचाळीस.

"सर," ती इंग्रजीत अगदी हळू म्हणाली, "हे तुमच्या समोरचंच घर आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "म्हणून तर पोस्टाने पाठवतोय."

तिने शिक्का मारला आणि पाकीट पोत्यात टाकलं.