टेंभरे सरांचा करगा

भर निंदणीत, बायांनी उपटून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकलेलं तण पिशवीत गोळा करून घरी नेणारा आणि नेताना त्याची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळणारा माणूस अख्ख्या गोरेगाव तालुक्यात एकच आहे. आमचे टेंभरे सर.

तणही साधंसुधं नाही. करगा. ज्यांचा धानाशी संबंध फक्त ताटात येतो, त्यांच्यासाठी सांगतो. करगा म्हणजे बांधीत, धानाच्या खाचरात, आपोआप उगवणारं रानटी धान. लोंबी येईपर्यंत ते हुबेहूब धानासारखं दिसतं, खत धानाचं खातं, पाणी धानाचं पितं, आणि कापणीच्या आधीच आपले दाणे चिखलात टाकून मोकळं होतं. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हजर. आमच्या भागात घरात फुकट खाऊन आडवा होणाऱ्या जावयालाही करगाच म्हणतात. असल्या या करग्यावर टेंभरे सरांचा जीव.

"सर, बाजूले व्हा जी," बाया ओरडायच्या. "आमाले निंदू द्या."

"निंदा ना, निंदा. फक्त त्याले मुळासकट काढा, तोडू नोका बाप्पा," सर विनवायचे.

सर आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि मी मराठी. दोघंही फुलचूरला राहतो, त्यामुळे रोज त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी गोरेगावला जातो. पेट्रोल त्यांचं, कान माझे. त्यातून ते रस्त्यात कुठेही गाडी थांबवून बांधीत उतरतात आणि मी धुऱ्यावर त्यांच्या चपला सांभाळत उभा राहतो. येणारे-जाणारे मला विचारतात, "सर हरपले का जी?"

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे 'पुरावा काय?' हा प्रश्न. चहावाला म्हणाला, आज दूध चांगलं आहे, की सर विचारणार, "पुरावा काय? काल कसं होतं, मोजलं का?" प्राचार्य म्हणाले, यंदाची मुलं हुशार आहेत, की सरांचं पुढे येणारच, "कशाच्या तुलनेत?" एकदा माझ्या चुलतबहिणीसाठी स्थळ बघायला मी त्यांना मोठ्या विश्वासानं सोबत नेलं. मुलाचे काका म्हणाले, मुलाला कसलंही व्यसन नाही. सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "किती दिवस निरीक्षण केलं? दिवसा का रात्री?" ते लग्न जमलं नाही. मुलगा पुढे चांगलाच पिणारा निघाला ही गोष्ट वेगळी, पण त्या दिवसापासून सरांना कोणी शुभकार्यात पुढे बसवत नाही.

अशा माणसाशी गप्पा मारायला कोण बसणार? स्टाफरूममध्ये ते आले की लोकांना एकदम वर्ग आठवतात. सरांच्या पत्नी मुलीकडे नागपूरला असतात, नातवाला सांभाळायला. त्यांचा रोज फोन येतो. "जेवले का?" "जेवलो." संपलं. एवढ्या एका विधानाला मात्र पुरावा लागत नाही.

तर अशा या सरांनी निवृत्त होण्याआधी करग्यावरचा आपला शोधनिबंध वनस्पतिशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकाकडे पाठवायचं ठरवलं. वीसेक वर्षांचं काम होतं. करग्याचा दाणा चिखलात किती काळ झोपून राहतो आणि नेमका कधी जागा होतो, हा विषय. आमच्या रसायनशास्त्रवाल्यांनी समजावलं, "कायले त्रास घेता? मी सांगतो तिथं पाठवा, आठ दिवसात छापून येते, सर्टिफिकेट फ्रेम करून देतात."

"मंग त्यात अन् लग्नपत्रिकेत फरक काय?" सर म्हणाले. "मले तपासून पाह्यजे. जानकारानं तपासलं पाह्यजे."

इंग्रजी तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, सर, मी मराठी शिकवतो. ते म्हणाले, "भाषावाले ना तुम्ही? मंग झालं." तेव्हापासून ते मला भाषावाले म्हणतात. मला एवढंच कळलं की निबंधभर 'आम्ही पाहिले', 'आम्ही मोजले' असं लिहिलं होतं आणि लेखक एकच. मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण? सर गंभीरपणे म्हणाले, "शास्त्रात एकटा मानूस नसते जी." मी बरं म्हटलं आणि पुढचं पान उलटलं.

मग आलं पाठवण्याचं दिव्य. पोर्टलवर रकान्यामागून रकाने. एका ठिकाणी लेखकाचा कुणाशी हितसंबंधांचा संघर्ष असल्यास जाहीर करावा, असं होतं. सर प्रामाणिक. त्यांनी लिहिलं, 'लेखकाने स्वतःच्या बांधीत मुद्दाम करगा पेरल्यामुळे शेजारी सुखदेव याच्याशी धुऱ्यावरून संघर्ष चालू आहे.' मी ते खोडायला लावलं. "पण हाये ना संघर्ष," ते कुरकुरले. "कालच त्यानं विळा दाखवला."

खरा घोळ पुढे झाला. निबंध तपासू शकतील अशा तीन जाणकारांची नावं सुचवा, असं नियतकालिकानं विचारलं होतं. सरांनी ज्यांचे लेख वाचले होते त्यांची नावं दिली. एक दक्षिणेतले, एक बंगालचे, एक जपानचे. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. पण आमच्याकडे साधं रोवणीला बाया सांगायच्या तरी माणूस आदल्या दिवशी घरी जातो, दोन शब्द बोलतो, पानसुपारी पुढे करतो. परक्या माणसाचं नाव परस्पर कामाला लावून द्यायचं हे सरांच्या मनाला पटेना. म्हणून त्यांनी मला न सांगता तिघांच्या नावे घरच्या सुवासिक चिन्नोर तांदळाची पाकिटं बांधली, सोबत चिठ्ठी जोडली, 'आपल्याला त्रास देत आहे, गोड मानून घ्यावे,' आणि पोस्टात गेले.

जपानचं पाकीट खिडकीतल्या बाईंनी परत केलं. "अनाज बाहर नहीं जाता, सर." उरलेली दोन पोचली. बंगालच्या साहेबांनी बहुतेक भात करून खाल्ला. दक्षिणेतल्या साहेबांनी सरळ संपादकांना कळवलं.

मग संपादकांचं पत्र आलं. परीक्षकांना वस्तू पाठवून प्रभाव टाकण्याचा प्रयत्न झाल्याचं दिसतं, खुलासा करावा, अन्यथा निबंध विचारात घेतला जाणार नाही. वीस वर्षांचं काम किलोभर तांदळात बुडायची वेळ आली.

"लाच?" सरांचा चेहरा पडला. "भाषावाले, लाच देनारा चिन्नोर देईल का? त्याचा वास तर बंद पाकिटातून येते! चोरी करनारा मानूस वासाचा तांदूळ कायले पाठवंल?"

हा मात्र बिनतोड पुरावा होता. पण तो खुलाशात घालणं मला सुचेना. शेवटी सरांनीच जसं होतं तसं लिहिलं. आमच्या गावी ओळख नसलेल्या माणसाला काम सांगताना रिकाम्या हातानं जात नाहीत. नियम माहीत नव्हता. चूक माझी आहे. संपादक माणूस भला असावा. त्यांनी कळवलं की तिन्ही नावं बाद केली आहेत आणि निबंध दोन अनोळखी परीक्षकांकडे दिला आहे. त्यांची नावं आपल्याला कधीही कळणार नाहीत, असंही ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्यांना सरांच्या तांदळाची धास्ती बसली असणार.

थंडीत परीक्षकांचे शेरे आले. एक नंबरच्या परीक्षकानं चार ओळींत 'चांगलं आहे' म्हणून विषय संपवला. दोन नंबरनं मात्र पानंच्या पानं प्रश्न विचारले होते. हे कसं मोजलं? कशाच्या तुलनेत? दुसरं कारण असू शकत नाही का? दाखवा. सिद्ध करा. वाचता वाचता माझाच पारा चढला. मी म्हटलं, सर, हा माणूस नुसता खुसपटं काढतोय.

सरांचे डोळे चमकत होते. "पाहा ना!" ते म्हणाले. "एकूनएक वाक्य वाचलं त्यानं. टीपासुद्धा वाचल्या."

तिथून पुढे आमच्या मोटारसायकलवर तिसरा माणूस बसायला लागला. "दोन नंबरसाहेब विचारून राहिले, पानी आठ बोटं होतं का दहा." "दोन नंबरसाहेबाले रंगाचा मुद्दा पटला नाही, बरोबर आहे त्याचं." प्रश्नांचे छापील कागद शर्टाच्या खिशात घड्या घालून असायचे. माणूस उजळला होता. पहिल्यांदाच मी त्यांना बांधीतून वर येताना शीळ घालताना ऐकलं.

एका प्रश्नासाठी उन्हाळा लागणार होता. भेगा पडलेल्या कोरड्या मातीत उन्हाळा काढलेला दाणा पावसाळ्यात उगवतो का? संपादकांनी मुदत वाढवून दिली, पण ही शेवटची दुरुस्ती असेल आणि सगळ्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरं नसतील तर निबंध नाकारला जाईल, असंही बजावलं. सरांनी अंगणात कुंड्यांच्या रांगा मांडल्या. काही ओल्या ठेवल्या, काही उन्हात तापत. वैशाखात एकदा भरदुपारी आभाळ भरून आलं तसा त्यांचा फोन आला, "भाषावाले, धावा!" मी धावलो. वळवाची सर थांबेपर्यंत आम्ही दोघं कोरड्या कुंड्यांवर ताडपत्री धरून उभे. कुंड्या कोरड्या राहिल्या, आम्ही नखशिखांत भिजलो. पलीकडच्या घरातली मंडळी व्हरांड्यात खुर्च्या टाकून बघत होती.

पावसाळा सरत आला, बांध्यांत लोंब्या दिसू लागल्या तेव्हा एका संध्याकाळी सरांनी मला उत्तरांचा अंतिम मसुदा वाचायला बोलावलं. आज पाठवायचं होतं. दोन नंबरच्या एकेका प्रश्नाखाली एकेक उत्तर, असं सुरेख काम की मला काही न कळता आवडलं. वाचत वाचत मी त्या उन्हाळ्याच्या प्रश्नाशी आलो. त्याखाली एकच ओळ होती. 'ही बाब तपासणे आम्हाला शक्य झाले नाही.'

मी परत वाचलं. मग म्हणालो, "सर, हे खोटं आहे."

"पुरावा काय?" सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

मी खिडकीबाहेर बोट केलं. अंगणात त्याच कुंड्या होत्या. ओल्यातल्याही आणि कोरड्यातल्याही. सगळ्यांत करगा उंच होऊन लोंबीवर आला होता, आणि प्रत्येक कुंडीला सरांच्या अक्षरातली चिठ्ठी होती.

सर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत बसले.

"लिहायचं राहिलं का?"

"राहिलं नाही. ठेवलं." ते खाली बघून म्हणाले. "सारेच उत्तरं देऊन टाकले तर संपलं ना जी. मंग तो मले कायले लिवंल? एक ठेवलं म्हनलं. एक राह्यलं तर परत विचारंल."

मला आधी हसू आलं, पण ते ओठांवर येण्याआधीच विरलं. जगभर लोक परीक्षकाच्या तावडीतून सुटण्यासाठी देव पाण्यात ठेवत असतील. आणि या माणसानं, चहातल्या दुधाचाही पुरावा मागणाऱ्या माणसानं, स्वतःजवळचा पुरावा लपवला होता. का, तर नाव-गाव माहीत नसलेल्या कुणीतरी त्याला आणखी एकदा काही विचारावं.

"सर, शेवटची दुरुस्ती आहे," मी म्हणालो. "असं पाठवलं तर तो परत विचारणार नाही. निबंध परत येईल."

"मालूम आहे मले," ते म्हणाले. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "पन ते नाही. मी त्याले खोटं लिवलं, भाषावाले. त्यानं एवढं मन लावून विचारलं अन् मी त्याले खोटं लिवलं."

त्यांनी ती ओळ पुसली. मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, कोरड्या कुंड्यांचा सगळा हिशेब लिहून काढला. एकदा उठून बाहेर जाऊन खात्री करून आले. शेवटी माझ्याकडे न बघता कळ दाबली. 'आपले उत्तर मिळाले,' असं पडद्यावर आलं, आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं. सर खुर्चीत मागे टेकले. मांडीवरचे हात उगाच उलटेपालटे करून बघायला लागले.

निबंध स्वीकारला जाईल याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आता खरं तर उठायला हवं होतं, घरी भाकरी थांबली होती. पण पाय निघेना. मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणालो, "सर, एक सांगा. हा करगा दाणे टाकतोच, ठीक आहे. पण धान पिकायच्या आधीच कायले टाकते?"

त्यांनी झटकन वर बघितलं. मी थट्टा करतोय का, हे त्यांनी नीट निरखून घेतलं. मग उठले, मला हाताला धरून अंगणात नेलं, एक लोंबी तळहातावर आडवी घेतली आणि सांगायला लागले. दाणा देठाला कुठे जुळलेला असतो, तो सांधा आधी कसा सुकतो, वाऱ्याचं काम किती आणि पाखरांचं किती. अर्ध्याहून जास्त माझ्या डोक्यावरून गेलं. डास फोडून काढत होते. पण मी जागचा हललो नाही.

सांगून संपलं तशी सरांनी लोंबी हळूच सोडून दिली. मग माझ्याकडे न बघता, जवळजवळ लाजत म्हणाले, "अजून काही विचाराचं आहे का?"

"आहे ना," मी म्हणालो, आणि व्हरांड्यातून दोन खुर्च्या ओढून आणल्या.