पोट बोललं का?

बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत 'कसे आहात' असं कुणी कुणाला विचारत नाही. ते खातं अत्तारसरांकडे आहे, आणि त्यांचा प्रश्न वेगळा: "काय, पोट बोललं का?"

लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. माझ्या मुलाच्या सासरची माणसं पहिल्यांदा आली, त्यांनाही दारातच विचारलं. तेव्हापासून त्यांना टाळायला मी गुडघे दुखत असूनही जिन्यानं उतरायचो.

सर माझ्या शेजारच्या फ्लॅटमधले. औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजातून रिटायर झालेले. उंदराच्या आतड्याचा तुकडा कोमट द्रावणात टांगायचा आणि तो कसा आकसतो ते बघायचं, यात त्यांचा जन्म गेला. आता उंदीर नाहीत, आम्ही आहोत. एकदा पार्किंगवरून चेअरमन तावातावानं बोलत होते, तर सरांनी खिशातला स्टेथोस्कोप सरळ त्यांच्या ढेरीला लावला. "चालू द्या. खाली याहून जोरात चाललंय." मीटिंग तिथंच संपली.

मार्चमध्ये माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. तीन दिवस आतडं ढिम्म हलेना. पाण्याचा घोट बंद, पोट टम्म, आणि डॉक्टर येता-जाता विचारणार, "गॅस पास झाला?" पुन्हा पोट उघडतात की काय, या विचारानं माझी पाचावर धारण बसली.

सर रोज दुपारी यायचे, पोटाला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटायचे.

"अहो, आतडं बिघडलेलं नाही, घाबरलंय. सर्जननं हाताळलं ना! स्नायूतल्या संरक्षक पेशींना वाटतं, शत्रू आला. त्या रसायनं सोडतात. त्यांचा स्नायूंना निरोप एकच: हलू नका! ओसरेल."

"कधी पण?"

"घाई स्वारगेटला बस पकडताना करावी. इथं नाही."

चौथ्या दिवशी ऐकता ऐकता त्यांचा चेहरा फुलला. "बोललं!" पाठोपाठ मी जो पुरावा दिला, तो अख्ख्या वॉर्डानं ऐकला. सरांनी नर्सबाईंना चक्क पेढे वाटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि रडूही आलं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची बेल वाजवली.

"सर, पोट बोललं का?"

सर चष्मा काढून सदऱ्याला पुसू लागले.

"आमची ही, फातिमा, विचारायची," ते म्हणाले. "रोज, चहा टाकताना. ती गेल्यापासून... मीच सगळ्यांना विचारतो. उलटून कुणी विचारत नाही हो."

मला जिना आठवला.

"नाही बोललं अजून," त्यांनी दार पूर्ण उघडलं. "या. चहा टाकतो, मग बोलेल."